बाखच्या ओव्हर्चरमध्ये ट्यूबावाल्याला काम शोधताना

आधी कारण सांगते, ते अगदीच साधं आहे. मी इंग्लंडात मिडलंड्समधल्या एका छोट्या गावात राहते आणि तिथल्या हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोला (व्हायोलिनचीच थोडी मोठी, खालच्या आवाजाची बहीण) वाजवते. हौशी म्हणजे खरंच हौशी, पैसे मिळायचं तर सोडाच, उलट आम्हीच दर टर्मला वर्गणी भरतो आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडण्यापासून सगळं करतो. पुण्यातल्या आत्याला पहिल्यांदा फोनवर सांगितलं की अगं मी ऑर्केस्ट्रात वाजवते, तर तिने लगेच विचारलं, जुनी गाणी का नवी? म्हटलं जुनी. बरीच जुनी.

तर त्या सीझनला आमचा मुख्य आयटम होता ड्वोर्झाकची आठवी सिम्फनी. तिला चार हॉर्न, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, एक ट्यूबा (अगदी खालच्या स्वरांचं मोठं पितळी वाद्य), फ्लूट-ओबो-क्लॅरिनेट-बसूनच्या जोड्या, टिम्पनी आणि स्ट्रिंग्ज एवढी सगळी फौज लागते. आणि आमच्या कंडक्टर बाईंना कार्यक्रमाची सुरुवात बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल सूटमधल्या ओव्हर्चरने करायची होती, डी मेजरमधली, बाखच्या रचनांच्या यादीत बीडब्ल्यूव्ही 1068. सूट म्हणजे नाचाच्या तुकड्यांची माळ आणि ओव्हर्चर म्हणजे तिचा सुरुवातीचा मोठा भाग. आता बाखने त्यात लिहिलंय काय, तर तीन ट्रम्पेट, टिम्पनी, दोन ओबो, स्ट्रिंग्ज आणि कॉन्टिन्यूओ (बेसची लाइन आणि तिच्यावर भरलेल्या कॉर्ड). म्हणजे फ्लूट नाही, क्लॅरिनेट नाही, हॉर्न नाही, ट्रॉम्बोन-ट्यूबा तर नाहीच नाही. प्रोफेशनल ऑर्केस्ट्रात हे चालतं, ज्याला काम नाही तो बॅकस्टेजला चहा पीत बसतो आणि त्याचे पैसे त्याला मिळतात, पण आमच्याकडे वर्गणी भरून आलेल्या माणसाला 'तू दहा मिनिटं गप्प बस' कसं सांगणार? ट्रॉम्बोनवाले तसेही सिम्फनीत अर्धा वेळ शब्दकोडी सोडवत असतात, त्यात अजून भर कशाला. शिवाय कॉन्टिन्यूओला लागणारा हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं तारा छेडणारं वाद्य, कोणाकडेच नव्हता. भाड्याने आणायचा म्हणजे व्हॅन आली, ट्यूनर आला, आणि एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्राच्या मधोमध तो ऐकू येणार नाही ते वेगळंच. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते म्हणून मला नोटेशनचं सॉफ्टवेअरही आपोआप येत असणार असा त्यांचा ठाम समज. पण खरं सांगायचं तर मला बरेच दिवस असं काहीतरी करून बघायचंच होतं त्यामुळे मीही फार आढेवेढे घेतले नाहीत.

आता हे म्हणजे बाखची विटंबना वगैरे आहे का, हा प्रश्न आपल्या मनात येतोच. सगळं जग जुन्या वाद्यांकडे, आतड्याच्या तारांकडे, 415 हर्ट्झच्या जुन्या, खालच्या पट्टीकडे चाललेलं असताना आपण उलट दिशेला ट्यूबा घेऊन निघायचं. मला धीर मिळाला तो या सूटच्याच इतिहासातून. याचा बाखच्या हातचा मूळ स्कोअर उरलेला नाही, उरलेत ते 1731 च्या सुमाराचे सुटे पार्ट्स. त्यातले पहिल्या व्हायोलिनचे आणि कॉन्टिन्यूओचे बाखने स्वतः लिहिलेत, दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला क्रेब्स नावाच्या त्याच्या शिष्याने, आणि ट्रम्पेट, ओबो, टिम्पनीचे पार्ट्स त्याच्या मुलाने, कार्ल फिलिप इमॅन्युएलने. जोशुआ रिफ्किन या अभ्यासकाचं म्हणणं असं आहे की मुळात हा सूट फक्त स्ट्रिंग्ज आणि कॉन्टिन्यूओसाठी होता आणि फुंकायची वाद्यं नंतर चढवली गेली. सगळ्यांना ते पटलंय असं नाही, पण स्कोअर उघडून बघितला की एक गोष्ट दिसतेच, ओबो जवळजवळ पूर्ण वेळ व्हायोलिनचंच वाजवतात, त्यांना वेगळं असं फारसं काही नाही. मग मी म्हटलं, हातात असलेल्या माणसांप्रमाणे रचना वाढवायची हे घरातच चालत आलेलं असेल तर आपणही एक पायरी चढू.

आणि आपल्या आधी कितीजणांनी हे केलंय ते बघा. मोझार्टने 1789 मध्ये हँडेलच्या 'मसाया' या कोरसच्या मोठ्या रचनेत नवी फुंकायची वाद्यं घातली. मालरने 1909 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बाखच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सूटमधले भाग एकत्र करून एक नवाच सूट केला आणि स्वतः एका फेरफार केलेल्या स्टाइनवे पियानोवर कॉन्टिन्यूओ वाजवत तो सादर केला (ओव्हर्चर मात्र त्याने दुसऱ्या सूटची घेतली, नाहीतर माझं अर्धं काम झालं असतं). एल्गारने बाखची सी मायनर फँटसी आणि फ्यूग आणि मग 1923 मध्ये हँडेलची डी मायनर ओव्हर्चर मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिली, आणि बाखकडे आपल्याएवढी साधनं असती तर त्याने स्वतःला किती भरजरी केलं असतं ते दाखवायचंय असं त्याचं सरळ म्हणणं होतं. माझा सगळ्यात लाडका किस्सा हेन्री वुडचा. त्याच्या बाखच्या ऑर्केस्ट्रेशनांना टीकाकार झोडायचे, म्हणून 1929 मध्ये त्याने डी मायनर टोकाटा आणि फ्यूगचं ऑर्केस्ट्रेशन पॉल क्लेनोव्हस्की नावाच्या एका काल्पनिक रशियन माणसाच्या नावाने खपवलं. टीकाकार खूश. काही वर्षांनी वुडने सांगून टाकलं की तो मीच. मी ऑर्केस्ट्रात सांगितलं की माझ्या पार्ट्सवर पण असंच एखादं रशियन नाव टाकूया, पण बाई नको म्हणाल्या.

प्रत्यक्ष काम सुरू केलं ते मूळ स्कोअर म्यूझस्कोअर या सॉफ्टवेअरमध्ये एकेक नोट टाइप करून. तयार फाइली नेटवर मिळतात, पण मला हाताने लिहायचं होतं कारण त्याशिवाय कोण कोणाबरोबर चाललंय ते डोक्यात बसत नाही. संदर्भाला बाख गेसेलशाफ्ट या जर्मन संस्थेची एकोणिसाव्या शतकातली छापील आवृत्ती घेतली, तिच्यावर आता कोणाचा कॉपीराइट नाही. व्हायोलावाली असल्याचा एक फायदा असा की वर्षानुवर्षं मधलेच स्वर वाजवल्यामुळे मला सुरावटीपेक्षा मधलं भरण आधी ऐकू येतं. आणि इथे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की या ओव्हर्चरमध्ये खरी अडचण ट्यूबाची नाहीच आहे. तिच्याकडे नंतर येते, आधी ट्रम्पेट.

बाखच्या काळातल्या ट्रम्पेटला व्हॉल्व्ह नसायचे. नुसती लांब नळी, तिच्यातून जे नैसर्गिक हार्मोनिक्स निघतील तेवढेच स्वर. खालच्या बाजूला हे स्वर एकमेकांपासून लांब लांब असतात, आठव्या हार्मोनिकच्या वर गेलं की ते जवळ येतात आणि तिथे कुठे सलग सुरावट वाजवता येते. म्हणून बाखचे पहिले ट्रम्पेट नेहमी आभाळात असतात. त्या काळचे वादक त्या वरच्या पट्ट्यातच आयुष्य काढायचे. आमचा पहिला ट्रम्पेटवाला हा निवृत्त गणित शिक्षक, त्याच्याकडे साधा बी-फ्लॅट ट्रम्पेट, आणि बाखचा तो वरचा डी म्हणजे त्याला लिहिलेला वरचा ई (या ट्रम्पेटला सगळं एक स्वर वर लिहून द्यावं लागतं). त्याने पार्ट बघितला, चष्मा काढला, पुसला, परत बघितला आणि म्हणाला, हे मला चाळीस वर्षांपूर्वी पण आलं नसतं. प्रोफेशनल लोक यासाठी छोटा पिकोलो ट्रम्पेट वापरतात, तो त्याच्याकडे नव्हता आणि असता तरी ते एकदम जमणारं वाद्य नाही. वर तिसरा ट्रम्पेट, तोही आमच्याकडे नव्हता कारण ड्वोर्झाकला दोनच लागतात.

सोपा उपाय म्हणजे सगळं एक सप्तक खाली आणायचं. पण मग ती लाइन येऊन पडते थेट व्हायोलिनच्या खाली, मधल्या गर्दीत, आणि या ओव्हर्चरचा सगळा डौल ज्याच्यावर आहे तोच दिसेनासा होतो. इथे मला 1732 चा एक माणूस मदतीला आला. योहान गॉटफ्रीड वाल्थर, बाखचा नातेवाईक, त्याने त्या वर्षी छापलेल्या संगीतकोशात क्लॅरिनेटबद्दल लिहून ठेवलंय की हे नवीन वाद्य लांबून ऐकलं तर बरंचसं ट्रम्पेटसारखं लागतं. म्हटलं झालं काम. आमच्या दुसऱ्या क्लॅरिनेटवालीकडे ब्रास बँड नव्हे, विंड बँडच्या दिवसांतला एक छोटा ई-फ्लॅट क्लॅरिनेट घरी पडून होता. तो आणि पहिला फ्लूट, दोघांना मिळून ट्रम्पेटची वरची लाइन युनिसनमध्ये, म्हणजे तेच स्वर एकत्र, दिली, आणि खरे ट्रम्पेट त्यांच्या खाली, त्याच कॉर्डमधल्या खालच्या स्वरांवर, पण ऱ्हिदम तंतोतंत तोच. आघात ट्रम्पेटचा आणि वरचा स्वर लाकडी वाद्यांचा. हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून ऐकलं तर कान सरळ फसतो, वाटतं वरचा स्वरही ट्रम्पेटमधूनच येतोय. त्या क्लॅरिनेटवालीला मात्र याची किंमत मोजावी लागली, कारण डी मेजर म्हणजे ई-फ्लॅट क्लॅरिनेटला बी मेजर, पाच शार्प, आणि संगीत ए मेजरकडे वळलं की सहा. तिने पहिल्या रिहर्सलला माझ्याकडे असं बघितलं की मी दुसऱ्या आठवड्याला तिच्यासाठी केक घेऊन गेले. तिसऱ्या ट्रम्पेटचं जे होतं ते पहिल्या ट्रॉम्बोनला दिलं, ते स्वर तसेही खालचे, मोकळे, कॉर्डचा पाया धरणारे, त्यामुळे ट्रॉम्बोनवर ते छान बसले आणि तो माणूस तर एवढा खूश झाला की शब्दकोडं आणायचा बंद झाला.

आता ती खरी अडचण. कॉन्टिन्यूओ. म्हणजे बेसची लाइन वाजवणारे चेलो, डबल बास, असला तर बसून (खालच्या स्वरांचं लाकडी वाद्य), आणि त्याच लाइनवर कॉर्ड भरणारा हार्पसिकॉर्ड. त्या कॉर्ड लिहिलेल्या नसतात, बेसच्या स्वरांखाली फार तर आकडे असतात, सहा, सात, चार-तीन असे, आणि वाजवणारा त्यावरून जागच्या जागी भरत जातो. आता हार्पसिकॉर्ड काढून टाका आणि बाकी सगळं तसंच ठेवा. जिथे सगळे एकत्र वाजवतात तिथे काही फरक पडत नाही, चार ओळींमध्ये हार्मनी बहुतेक पूर्णच असते. पण मधल्या जलद भागात, जिथे पहिलं व्हायोलिन एकटं धावत सुटतं आणि बाकीचे खाली फक्त टेकू देतात, तिथे एकदम पोकळी. आपल्याकडे तानपुऱ्याचं जसं असतं ना, चालू असताना कोणी त्याला ऐकत नाही आणि थांबला की गाणारा उघडा पडतो, तसंच. फक्त तानपुरा जागचा हलत नाही आणि हा दर ठोक्याला रंग बदलतो.

एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनी यावर सरसकट काढलेला उपाय म्हणजे हॉर्न आणि बसूनना लांब कॉर्ड देऊन टाकायच्या. हॉर्न चार आहेत, कॉर्ड चार स्वरांची, लिहायला पाच मिनिटं. मी तसं एका भागाचं लिहून रिहर्सलला वाजवून बघितलं, मुद्दाम, कारण सॉफ्टवेअरच्या प्लेबॅकवर माझा विश्वास नाही, तिथले हॉर्न कधी दमत नाहीत आणि कोणी कोणाला झाकत नाही. हॉलमध्ये ऐकलं तर सगळं चिकट. हार्मनी बरोबर, स्वर बरोबर, पण चाल मेलेली. आणि का ते विचार करताना कळलं की हार्पसिकॉर्ड कॉर्ड 'धरत' नाही. तार छेडली की टक्क असा आवाज आणि लगेच विरायला सुरुवात. त्याने दिलेल्या दोन गोष्टींपैकी हार्मनी ही दुसरी, पहिली म्हणजे तो टक्क. दर कॉर्डला मिळणारी धार. हॉर्नची लांब कॉर्ड बरोबर उलट वागते, मऊ सुरू होते आणि भरत जाते.

मग मी कॉन्टिन्यूओचे दोन तुकडे केले. धार एकाकडे आणि रंग दुसऱ्याकडे. धारेसाठी दोन बसून, आखूड आखूड स्वर, प्रत्येकानंतर श्वास, आणि त्यांच्याबरोबर व्हायोलाच्या मागच्या बाकावरच्या दोघांना पिझिकातो, म्हणजे बो न वापरता बोटाने तार छेडायची. (आम्ही व्हायोला एकूण चार. त्यातल्या दोघांना पिझिकातो दिल्यावर उरलेल्या दोघी म्हणजे मी आणि माझी शेजारीण, त्यामुळे मला जरा जोर लावून वाजवायला मिळालं हा हेतू नव्हता पण झालं तसं.) रंगासाठी क्लॅरिनेट आणि दोन हॉर्न, अगदी हळू, आणि तेही प्रत्येक कॉर्डला नाही, फक्त जिथे हार्मनी खरोखर वळते तिथे, सस्पेन्शन (आधीच्या कॉर्डमधला अडकलेला स्वर) सुटतं तिथे. बसूनचा टक्क झाला की त्याची मागे राहिलेली सावली क्लॅरिनेटमध्ये. हे बसवायला सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण कुठली कॉर्ड सोडून द्यायची याला काही नियम नाही, प्रत्येक ठिकाणी ऐकूनच ठरवावं लागतं, आणि मी ऑफिसच्या बसमध्ये, जेवताना, रात्री नवरा झोपल्यावर हेडफोन लावून हेच करत होते. शेवटी जे उरलं त्यात पहिल्या मसुद्यापेक्षा निम्मे स्वर असतील.

पहिल्या व्हायोलिनचे ते धावणारे तुकडे फ्लूटला द्यावेत असंही बाईंनी एकदा सुचवलं होतं, व्हरायटी म्हणून. आमच्या लीडरने (पहिली व्हायोलिनवाली) ते ऐकलं आणि काही बोलली नाही, पण तिचा बो हवेतच थांबला. विषय तिथेच संपला. आणि बरं झालं, ते तुकडे व्हायोलिनचेच आहेत, तारांवरून हात कसा पडेल ते बघून लिहिलेले.

टिम्पनीवरून थोडी वादावादी झाली. बाखकडे दोनच ढोल, डी आणि ए. त्यामुळे संगीत बी मायनरकडे किंवा आणखी लांब कुठे गेलं की ट्रम्पेट आणि टिम्पनी दोघंही आपोआप गप्प, त्यांच्याकडे ते स्वरच नाहीत. आमच्या टिम्पनीवाल्याकडे पेडलची चांगली टिम्पनी आहेत, पायाने वाटेल तो स्वर लागतो, त्याचं म्हणणं मला सगळीकडे द्या की, आता तर शक्य आहे. शक्य आहे हे खरं. पण मी नाही दिलं. कारण असं बघा, जलद भागात संगीत घर सोडून कुठे कुठे हिंडून येतं आणि परत डी मेजरला पोहोचतं तेव्हाच ट्रम्पेट आणि टिम्पनी परत येतात, आणि त्यामुळे शास्त्र अजिबात न कळणाऱ्या माणसालाही कळतं की आलो बुवा परत. वाद्यांच्या मर्यादेतून आलेली गोष्ट आहे पण बाखने ती पूर्ण वापरून घेतलीय. मध्ये मध्ये टिम्पनी वाजत राहिली तर ते परत येणं उरतच नाही. त्याला पटलं की नाही माहीत नाही, पण त्याने ऐकलं. व्हॉल्व्हचे ट्रम्पेटही मी त्याच कारणाने फक्त मूळ जागीच ठेवले.

उरलेल्या ट्रॉम्बोनचं काय? लाइपझिगला बाख ट्रॉम्बोन वापरायचा तो चर्चमध्ये, कोरसमधल्या गाणाऱ्यांना धरून, तेच स्वर वाजवत. तोच धागा पकडला. जलद भागात, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक वाद्यांतून फिरते त्या फ्यूगमध्ये, त्यांना पळवायचं नाही, सोळाव्या नोटांवर ट्रॉम्बोनची नळी मागेपुढे करताना माणूस दुखावेल. त्यांना दिले ते फक्त लांबचे, गाता येण्यासारखे स्वर, शेवटी जेव्हा सुरुवातीचा संथ भाग परत येतो तेव्हाचे. आणि ट्यूबा? ट्यूबा डबल बासबरोबर, आणि फक्त तिथेच, त्या शेवटच्या पानावर. मला भीती होती की तो म्हणेल एवढंच? पण ट्यूबावाले लोक वेगळेच असतात. तो म्हणाला, ड्वोर्झाकमध्ये पण मला फार काही नाहीये, निदान इथे बाख वाजवला असं सांगता येईल.

फ्रेंच पद्धतीच्या ओव्हर्चरमध्ये पहिला संथ भाग, तो परत, मग जलद भाग, आणि शेवटी संथाची छोटी आठवण असा आकार असतो, लुली या संगीतकाराने फ्रान्सच्या दरबारात बसवलेला. पहिल्या भागाची पुनरावृत्ती मी रिपीटच्या खुणेने न दाखवता पूर्ण लिहून काढली. पहिल्यांदा जवळजवळ बाखची मांडणी, स्ट्रिंग्ज, ओबो, ट्रम्पेटच्या जागी आमची ती तडजोड, टिम्पनी. दुसऱ्यांदा हॉर्न आणि क्लॅरिनेट आत. म्हणजे ऐकणाऱ्याला आधी 1731 आणि मग आत्ताचं, असं शेजारी शेजारी. बाखने आवाज लहानमोठा करायच्या खुणा फारशा लिहिलेल्याच नाहीत, आणि मलाही त्या लिहाव्या लागल्या नाहीत, माणसं वाढली की आवाज आपोआप वाढतो. हौशी ऑर्केस्ट्रात क्रेशेंडो लिहिला की सगळे लगेच ओरडायला लागतात त्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

डॉटेड (एक लांब, एक आखूड अशा) ऱ्हिदमवरून विद्वानांची भांडणं आहेत, लिहिलेल्यापेक्षा जास्त ताणून वाजवायचं की नाही यावर. इथे संथ भागातच व्हायोलिनना सरळ सोळाव्या नोटाही आहेत, त्यामुळे ताणलं तर दोघांची टक्कर होते. मी सरळ जसं लिहिलंय तसं ठेवलं आणि पार्टवर मोठ्या अक्षरात लिहिलं की ताणू नका. तरी दोन चेलोवाले ताणतच होते. सवय.

पार्ट्स काढणं हे वेगळंच प्रकरण आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. स्कोअर झाला म्हणजे काम झालं असं वाटतं, मग प्रत्येक वाद्याचं पान वेगळं करायला घेतलं की कळतं. पहिल्या व्हायोलिनला जलद भागात पान उलटायला एक श्वासाचीही विश्रांती नाही, मग पानं अशी छापायची की तो भाग उघडल्या दोन पानांवर मावेल. एका स्टँडवर दोघं असतात तेव्हा आतल्या बाजूचा उलटतो, पण बसूनवाला एकटाच असतो त्याने काय करायचं? ट्रॉम्बोनना लांब विश्रांतीनंतर आत यायचंय तर त्यांच्या पानावर छोट्या अक्षरात ओबोचे दोन बार छापायचे, म्हणजे मोजणं चुकलं तरी कानाने कळेल. या वाद्यांना मूळ डी मेजर आपापल्या पट्टीत लिहून द्यावं लागतं, हॉर्नना ए मेजरमध्ये, ए-क्लॅरिनेटला एफ मेजरमध्ये, बी-फ्लॅट ट्रम्पेटना ई मेजरमध्ये, सगळं परत एकदा नजरेखालून घालायचं कारण सॉफ्टवेअर कधी कधी एखादा स्वर अशा विचित्र खुणेने लिहितं की वाजवणारा तिथेच थबकतो. इथे मात्र ऑफिसातली टेस्टिंगची सवय कामाला आली.

रिहर्सलमध्ये सगळ्यात जास्त काय केलं असेल तर खोडलं. पेन्सिल घेऊन स्टँडांमधून फिरायचं आणि इथले चार बार गाळा, इथे फक्त पहिला क्लॅरिनेट. फ्यूगमध्ये लाकडी वाद्यं कायम एक केसभर मागे पडत होती, मागच्या रांगेत बसून पुढच्या व्हायोलिनचं ऐकून वाजवलं की हे होणारच, त्यावर औषध एकच, डोळे बाईंच्या काठीवर. टेम्पोवर त्यांची आणि माझी थोडी ओढाताण झाली. मला जरा हलकं, पळतं हवं होतं, त्यांना एवढ्या मोठ्या गाड्याला तो वेग झेपणार नाही असं वाटत होतं, आणि पहिल्यांदा सगळे एकत्र वाजवल्यावर त्यांचंच बरोबर निघालं.

1830 मध्ये तरुण संगीतकार मेंडेल्सोनने वायमारला म्हाताऱ्या कवी गटेला ही ओव्हर्चर पियानोवर वाजवून दाखवली होती. गटे म्हणाला म्हणे की सुरुवातीलाच डोळ्यासमोर नटूनथटून मोठ्या जिन्यावरून उतरणाऱ्या लोकांची मिरवणूक दिसते. नंतर 1838 मध्ये मेंडेल्सोनने लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये हा सूट ऑर्केस्ट्रासकट वाजवला. आमची मिरवणूक कॉन्सर्टला गावातल्या चर्चमध्ये निघाली, चर्चचा घुमारा एवढा की माझ्या बसूनच्या धारेपैकी निम्मी छपराकडे गेली, पण शेवटच्या पानावर ट्रॉम्बोन आणि ट्यूबा आले तेव्हा माझ्या खुर्चीखालची लाकडी फळी थरथरली आणि मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ई-फ्लॅट क्लॅरिनेटवालीने सहा शार्प एकही न गाळता वाजवले. मध्यंतरात एक आजोबा ट्रम्पेटवाल्याला भेटून म्हणाले, एवढ्या वरचे स्वर या वयात, कमाल आहे तुमची. त्याने थँक यू म्हटलं आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

आता कमिटीत टूम निघालीय की याच सूटमधली ती प्रसिद्ध एअरही अशीच सगळ्यांसाठी लिहून दे. तिला मी हात लावणार नाही असं सांगितलंय. त्यात बाखने स्वतःच ट्रम्पेट, टिम्पनी, ओबो सगळ्यांना गप्प बसवलंय, नुसत्या स्ट्रिंग्ज आणि कॉन्टिन्यूओ, आणि त्या वरच्या ओळीला आधीच पुरेसं सोसावं लागलंय, 1871 मध्ये विल्हेल्मी नावाच्या व्हायोलिनिस्टने ती उचलून सी मेजरमध्ये नेली आणि एका जी तारेवर वाजवायला लावली, आणि आता ती लग्नांपासून लिफ्टपर्यंत सगळीकडे वाजते. तिच्यात ट्यूबा घातला तर मला रात्री झोप लागायची नाही. गावोत (सूटमधलाच एक नाचाचा तुकडा) मात्र करीन म्हटलंय, त्यात परत ट्रम्पेट आणि टिम्पनी आहेत. टिम्पनीवाल्याने लगेच विचारलं, तिथे तरी बी मिळेल का. नाही मिळणार.